आत लांब, बाहेर आखूड

२९ जून २०२० च्या संध्याकाळी दिल्लीत एक पत्रक निघालं आणि दुसऱ्या दिवशी सेनगावापासून वसमतपर्यंत टिकटॉक बंद पडलं. दोन आठवड्यांपूर्वी, १५ जूनच्या रात्री, लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान शहीद झाले होते. त्या संघर्षाला केंद्र सरकारने दिलेलं पहिलं ठळक उत्तर हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला कुठे दिसलं असेल, तर हातातल्या फोनवर. ५९ चिनी ॲप एका फटक्यात बंद झाली. टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते आणि त्यांत खेड्यापाड्यातली माणसं भरपूर होती. बांधावर उभं राहून सिनेमातले संवाद म्हणणारी पोरं होती, चुलीपुढे बसून गाणाऱ्या बायका होत्या. त्यांनी जमवलेले प्रेक्षक रातोरात गेले. त्यांना नोटीस आली नाही. कायद्याच्या नजरेत त्यांचा काही संबंधच नव्हता, आदेश कंपनीवर होता.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाइट गेली. मराठवाड्यात लाइट जाण्याची बातमी होत नाही, मुंबईत होते. लोकल जागच्या जागी थांबल्या, शेअर बाजार आणि दवाखाने जनरेटरवर आले. करोनाचा काळ असल्याने घरून काम करणारे आणि ऑनलाइन परीक्षा देणारे अंधारात बसले. काही भागांत दोन तासांत वीज आली, काही उपनगरांत रात्र झाली. साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीच्या अभ्यासाचा हवाला देऊन विचारलं, की हा गलवानचाच दुसरा अंक तर नव्हता?

दोन्ही घटना एकाच भांडणाच्या सावलीतल्या. पहिलीत काय करायचं हे सरकारला नेमकं ठाऊक होतं आणि ते एका दिवसात झालं. दुसरीत मुळात काय घडलं यावरच राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांचं एकमत झालं नाही. आंतरजालावर सरकारचा हात कुठवर पोचतो हे समजून घ्यायला या दोन तारखा पुरेशा आहेत. आपल्याच माणसांपर्यंत तो फार लांब जातो. सरहद्द आली की आखूड पडतो.

मुंबईचं प्रकरण जरा तपशिलात पाहू, कारण त्यात सगळे धागे एकत्र येतात. वीज साठवून ठेवता येत नाही, निदान मोठ्या प्रमाणावर अजून तरी नाही. त्यामुळे ज्या क्षणी जेवढी लागते त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. राज्यातला हा क्षणाक्षणाचा हिशेब नवी मुंबईत ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात होतो. परळीचं औष्णिक केंद्र किती चालवायचं, कोयनेचं पाणी कधी सोडायचं, कुठल्या वाहिनीवर किती भार टाकायचा, हे तिथून ठरतं. हिंगोलीतल्या शेतीपंपापर्यंत येणारी वीजही याच हिशेबातली. अशी केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत, त्यांच्यावर पाच प्रादेशिक केंद्रं आणि सगळ्यांवर दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र. पूर्वी हे काम फोनवर आणि वहीत चालायचं, आता संगणकावर चालतं. म्हणजे देशाची वीज तोडायची तर मनोऱ्याखाली सुरुंग लावायची गरज उरलेली नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तसं घडलंही होतं. तिथल्या वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत बाहेरून शिरलेल्या माणसांनी सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज घालवली आणि कक्षातले कर्मचारी पडद्यावर माऊस आपोआप फिरताना बघत राहिले.

रेकॉर्डेड फ्यूचरचं म्हणणं असं होतं, की ‘रेड एको’ असं नाव त्यांनी दिलेल्या, चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांच्या संगणकांत ‘शॅडोपॅड’ हे घातक सॉफ्टवेअर पेरलं आहे. त्यांत पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं आहेत, आणि या दहांखेरीज दोन बंदरंही आहेत. पण याच कंपनीने आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती: या घुसखोरीचा आणि मुंबईच्या अंधाराचा संबंध सिद्ध झालेला नाही. बातम्यांच्या गदारोळात हे वाक्य फार थोड्यांनी वाचलं.

दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल जाहीर केला. महापारेषण या राज्याच्या वीज कंपनीच्या यंत्रणेत १४ ट्रोजन म्हणजे वेषांतर करून शिरणारी सॉफ्टवेअर घुसवली गेली असावीत, परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी, काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न झाले असावेत, म्हणजे सायबर घातपाताची शक्यता दिसते, असा त्याचा आशय होता. २ मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं, की मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली. दोन पथकांनी तपास केला, उत्तर आणि दक्षिण विभागाच्या केंद्रांवर सायबर हल्ले झाले होते हे खरं, पण ते वीज चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचले नाहीत आणि मुंबईशी त्यांचा संबंध नाही. चीनने पुराव्याशिवाय आरोप करणं बेजबाबदारपणाचं असल्याचं म्हटलं.

कोण खरं? सामान्य वाचकाला हे ठरवता येत नाही, कारण कुठल्याच बाजूने कच्चा पुरावा समोर ठेवला नाही. पण बोलणाऱ्यांच्या जागा बघण्यासारख्या आहेत. मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार होतं, दिल्लीत भाजपचं. घातपात म्हटलं की राज्याच्या वीज कंपनीवरची ढिसाळपणाची टीका आपोआप सौम्य होते. मानवी चूक म्हटलं की देशाची वीज परकी माणूस बंद करू शकतो ही कबुली टळते. आणि नेमक्या त्याच फेब्रुवारीत पँगाँग सरोवराच्या काठावरून दोन्ही सैन्यं मागे घेण्याची प्रक्रिया चालू होती. यातलं कुठलंही कारण कुणाला खोटं ठरवत नाही. पण सायबर हल्ल्याचा कर्ता जाहीर करणं हा तांत्रिक निष्कर्ष असतो तेवढाच राजकीय निर्णयही असतो, हे या तीन दिवसांत जितकं उघड झालं तितकं क्वचितच होतं. पुढे ७ एप्रिल २०२२ ला याच आर. के. सिंह यांनी, लडाखजवळच्या वीज वितरण केंद्रांवर चिनी हॅकरांनी दोन प्रयत्न केले आणि ते फसले, असं जाहीरपणे सांगितलं. फसलेल्या हल्ल्याचा कर्ता सांगायला कुठल्याच सरकारला जड जात नाही.

आता आतल्या हाताकडे वळू. एका आदेशाने २० कोटी लोकांचं ॲप कसं बंद होतं? गावाचं पाणी तोडायला घरोघरचे नळ शोधावे लागत नाहीत, टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवला की काम होतं. आंतरजाल जगभर पसरलेलं असलं तरी भारतात ते ज्या वाटांनी शिरतं त्या मोजक्या आहेत. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या चार, ॲप मिळण्याची मुख्य दुकानं दोन. या सगळ्यांना भारतात धंदा करायचा असतो आणि परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. कायद्याचा आधार माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६९अ. देशाची सार्वभौमता, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार कोणताही मजकूर लोकांना दिसू नये असा आदेश देऊ शकतं. २००९ च्या नियमांत त्याची पद्धत आहे: समिती, सुनावणी, आणि तातडी असेल तर आधी बंदी, मग सुनावणी. त्याच नियमांत सोळावा नियम आहे, जो या सगळ्या कारवाईची गुप्तता राखायला सांगतो. म्हणजे आपला मजकूर का गेला हे लिहिणाऱ्याला कळायला अनेकदा कोर्टाची पायरी चढावी लागते. बंदीइतकीच ही गुप्तता मला खटकते. सीमेवरच्या भांडणात ॲप बंद करायला हरकत घेणारे थोडे असतील, पण कारण सांगितल्याने सुरक्षा कुठे कमी होते हे कुणी पटवून दिलेलं नाही.

याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाची कहाणी महाराष्ट्राच्या खात्यावर आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि दुसरीने तो नुसता लाइक केला. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६अ होतं. एखाद्याला त्रासदायक वाटेल असा संदेश पाठवणं हा त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. देशभर संताप उसळला, श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. ६९अ मात्र त्याच निकालात टिकलं, कारण त्याला निदान पद्धतीचं कुंपण आहे असं न्यायालयाला वाटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल अडवलं. सरकारविषयीची बातमी खोटी आहे की नाही हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, हा नियम विनोदकार कुणाल कामरा यांच्या याचिकेवर रद्द झाला. आतला हात लांब असला तरी त्याला धरणारं कुणी आहे. बाहेरच्या हाताला असं धरणारंही कुणी नाही आणि बळ देणारंही नाही.

इंटरनेट बंदीचं हत्यार मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत सेवा थांबवण्यात आली होती. असा आदेश साधारणपणे राज्याच्या गृह सचिवांनी द्यायचा असतो. एकदा काढलेला आदेश पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. आढावा समितीने पाच दिवसांत तो तपासायचा असतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानंतर तो प्रसिद्धही करावा लागतो. कागदावर हे चोख आहे. पण नेट गेलं की अफवेबरोबर मोंढ्यातलं पेमेंट थांबतं, बँकेचा ओटीपी थांबतो, विम्याचा अर्ज भरणारं सेवा केंद्र थांबतं. हे सगळं फोनवर आणल्यावर फोन बंद करण्याची किंमत वाढली आहे आणि आदेश लिहिणाऱ्याच्या टेबलावर ती किंमत दिसत नाही.

बाहेरचा हात किती आखूड पडतो हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने पाहिलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेचं एटीएम कार्ड जगात कुठेही वापरलं की ‘पैसे देऊ का’ ही विचारणा बँकेच्या स्विचकडे येते आणि तो खात्यात बघून हो किंवा नाही म्हणतो. चोरांनी या स्विचच्या जागी स्वतःचा तोतया उभा केला, जो प्रत्येकाला हो म्हणत होता. मग काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही अडीच कोटी निघाले, त्यांतले काही कोल्हापुरात. सोमवारी १३ तारखेला बँकांनी एकमेकांना पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट व्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. एवढ्या देशांत एकाच वेळी माणसं उभी करणं हे भुरट्याचं काम नव्हतं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने उत्तर कोरियाच्या सरकारी हॅकरांच्या चोऱ्यांचा पट मांडला, त्यात या घटनेचा समावेश केला. निर्बंधांनी कोंडलेला देश बँका फोडून परकीय चलन मिळवतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पुणे पोलिसांनी मेहनत केली. एटीएमच्या कॅमेऱ्यांतले चेहरे शोधले, एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते कोण होते? कार्ड घेऊन रांगेत उभे राहणारे. ज्यांनी तोतया स्विच बनवला त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ सांगतं, की भारतातल्या संगणकावर हल्ला झाला तर परदेशात बसलेल्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला हा कायदा लागू आहे. कायदा लागू असणं आणि माणूस हाती लागणं यांत जे अंतर आहे ते इथे मोजता येतं. परदेशातल्या सर्व्हरची नोंद हवी असेल तर न्यायालयाचं विनंतीपत्र गृह मंत्रालयातून परराष्ट्र मार्गाने जातं, समोरचा देश ते आपल्या कायद्यात बसतं का बघतो, आणि तोवर नोंदी पुसल्या गेलेल्या असतात.

मग सरकार काय करतं? जिथे हात पोचतो तिथे आवळतं. कॉसमॉसनंतर १९ ऑक्टोबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची पहिली चौकट काढली आणि पुढच्या वर्षी बँकांच्या पसाऱ्यानुसार तिचे चार स्तर केले. गलवाननंतर चिनी वीज उपकरणांच्या आयातीवर तपासणीच्या अटी आल्या. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाच्या समितीने दूरसंचार क्षेत्रासाठी असा निर्देश मंजूर केला, की १५ जून २०२१ पासून कंपन्यांनी आपल्या जाळ्यासाठीची यंत्रं फक्त विश्वासू ठरवलेल्या पुरवठादारांकडून घ्यायची. चीनचं नाव त्यात कुठेही नाही, वाचणाऱ्याला ते दिसतं. २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनाही चाचणी लागली, म्हणजे बाजार समितीच्या फाटकावर नवा कॅमेरा लावताना त्यामागे लडाखचा थोडा वाटा असतो. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला: कुठलीही सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची. काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले.

हा सहा तासांचा नियम टाटा पॉवरला आहे, तसाच वसमतच्या एखाद्या सहकारी संस्थेलाही आहे. मोठ्या कंपनीत त्यासाठी चोवीस तास जागं पथक असतं. छोट्या संस्थेत संगणक बिघडला की ‘तो पोरगा’ नांदेडहून येईपर्यंत वाट पाहतात, आणि बिघाड की हल्ला हेच ठरायला दोन दिवस जातात. मला या नियमांची दिशा चुकीची वाटत नाही. चोराला पकडता येत नसेल तर कुलूप चांगलं हवं, हे खरंच. पण बाहेरच्या भांडणाचं बिल आत फाडायचं असेल, तर ते ज्याच्या नावावर फाडलं त्याला माणूस, प्रशिक्षण आणि थोडा निधी द्यायला हवा. नियमाचं पत्र जिल्ह्याला लगेच येतं, बाकीचं रेंगाळतं.

कधी कधी तर भांडण आपलं नसतंच. २७ जून २०१७ ला नोटपेट्या नावाचं सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रणालीतून सुटलं आणि जगभर पसरलं. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्यात गेले आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरची नोंद हाताने करायची वेळ आली. हिंगोली-वसमतची हळद परदेशी जाते तेव्हा तिचाही रस्ता बहुधा इथूनच. मर्स्कने दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने उभे केले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने हे काम रशियन लष्कराचं असल्याचं जाहीर केलं, रशियाने नाकारलं. हे युद्ध होतं का, यावर पुढे काही विमा कंपन्या आणि त्यांचे ग्राहक कोर्टात भांडले, कारण युद्धातलं नुकसान विम्यात येत नाही.

यावर देशांनी एकत्र बसून नियम करू नयेत का? बसले आहेत, पुष्कळ वर्षं. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरकारी तज्ज्ञ गटाने ११ पथ्यं ठरवली: शांततेच्या काळात दुसऱ्या देशाच्या वीज-पाण्यासारख्या पायाभूत यंत्रणांना धक्का लावू नये, त्यांच्या आपत्कालीन सायबर पथकांवर हल्ला करू नये, आपल्या भूमीवरून असं काही होऊ देऊ नये. चीन, रशिया, अमेरिका सगळे त्या गटात होते. पण ही पथ्यं ऐच्छिक आहेत, मोडली तर शिक्षा नाही. गुन्ह्यांपुरता २००१ चा बुडापेस्ट करार आहे. त्याच्या मसुद्यात आपल्याला विचारलं नव्हतं म्हणून भारत त्यात गेला नाही. परदेशी पोलिसांना आपल्या संगणकांतली माहिती थेट मिळवू देणाऱ्या एका कलमावरही भारताचा आक्षेप आहे. २४ डिसेंबर २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सायबर गुन्ह्यांवरचा नवा जागतिक करार स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत त्यावर सह्या सुरू झाल्या. तो अमलात यायला ४० देशांची मान्यता लागेल. पुरावे चोवीस तासांत कधीही मागता यावेत असे संपर्क कक्ष त्यात आहेत, ही कॉसमॉससारख्या प्रकरणांत कामाची गोष्ट. पण हुकूमशाही सरकारं याच वाटेने परदेशात पळालेल्या टीकाकारांची माहिती मागतील, ही मानवी हक्क संघटनांची भीतीही पोकळ नाही. पालघर आठवणाऱ्या राज्याला ती समजायला हवी.

आणि करार कितीही झाले तरी ‘कुणी केलं’ या पहिल्या प्रश्नावर गाडी अडते. पहलगामच्या हल्ल्यानंतर आणि ऑपरेशन सिंदूरच्या काळात भारतातल्या यंत्रणांवर १५ लाखांहून अधिक सायबर हल्ले झाले आणि त्यांतले १५० यशस्वी झाले, असं महाराष्ट्र सायबरने मे २०२५ मध्ये सांगितलं. पंधरा लाखांत दीडशे हे प्रमाण दिलासा देणारं आहे, पण ‘हल्ला’ कशाला म्हणायचं हे मोजणाऱ्यावर अवलंबून असतं. दरवाजा नुसता ढकलून बघणं आणि आत शिरून तिजोरी उघडणं ही दोन्ही मोजणीत एकेकच धरली तर आकडा फुगतो. या अहवालातल्या मोजणीची रीतही आकड्याइतकीच ठळकपणे छापली असती तर बरं झालं असतं.

या प्रश्नाला हिंगोली जिल्ह्यात लवकरच एक वेगळा शेजार मिळणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी रुपये, आणि भारताचा अणुऊर्जा विभाग व अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान यांच्यात ३१ मार्च २०१६ ला झालेला करार. दोन सरकारांचं यंत्र, म्हणून दोन सरकारांचे सायबर नियम. धोकाही कल्पनेतला नाही. चिलीतली अल्मा ही दुर्बिणींची वेधशाळा २९ ऑक्टोबर २०२२ च्या सायबर हल्ल्यानंतर दीड महिना निरीक्षणं घेऊ शकली नव्हती.

पण लायगोकडून शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा शास्त्रज्ञांनी घेतलेल्या शंकांपैकी एक होती: हे कुणी हॅक करून आत घुसवलेलं तर नाही? शंका रास्त होती, कारण पथकाची परीक्षा घ्यायला २०१० मध्ये त्यांनी स्वतःच असा खोटा संकेत गुपचूप पेरला होता. मग संगणकांच्या नोंदी, तारा, कुणाला कुठे प्रवेश होता, सगळं तपासलं. पाच महिन्यांनी, खात्री पटल्यावर, जगाला सांगितलं. लहर आकाशात कुठून आली हे ठरतं ते वेगवेगळ्या खंडांवरच्या वेधशाळांनी ती कोणत्या मिलिसेकंदाला पाहिली यावरून. औंढ्याची गरज नेमकी त्यासाठीच आहे: अमेरिका, इटली आणि जपानपासून दूर बसलेला आणखी एक साक्षीदार. सगळे आपल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवतात, म्हणून दिशा सापडते.

सायबर हल्ल्यांसाठी असं काही करावं ही सूचना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये सरकारांपासून स्वतंत्र अशी आंतरराष्ट्रीय संस्था मागितली होती, जी पुरावे तपासून कर्ता सांगेल. ती अजून उभी राहिलेली नाही. अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि स्वभावाची जास्त आहे. हल्ला अमुक देशाने केला हे तुम्हाला कसं कळलं, या प्रश्नाचं खरं उत्तर पुष्कळदा ‘आम्ही त्यांच्या संगणकात आधीपासून बसलो होतो’ असं असतं. ते टेबलावर ठेवायचं तर उद्यापासून ती जागा हातची जाते. त्यामुळे प्रत्येक सरकार आपल्या नोंदी आपल्यापाशी ठेवतं आणि ऐरोलीच्या संगणकात तेव्हा काय होतं, यावर दोन मंत्र्यांच्या दोन पत्रकार परिषदा एवढंच आपल्या हाती राहतं.